केलेलं नको, अडलेलं सांगा

पगारेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मधे एक लोखंडी पलंग होता आणि तो गल्लीत अडकला होता.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही चार-पाच मित्रांनी गंगापूर रोडला एक छोटी संस्था काढली होती. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की दवाखान्यात असतो तसा पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची असं वापरायला द्यायचं आणि काम झालं की परत आणायचं. नाशिक रोडकडच्या एका वस्तीतून फोन आला, म्हातारा पडलाय, पलंग पाठवा. मी स्वतः टेम्पोबरोबर गेलो. गल्लीच्या वळणावर पलंग असा काही बसला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी तापट माणूस. टेम्पोवाल्यावर ओरडलो, म्हाताऱ्याच्या मुलावर ओरडलो, शेवटी गल्लीवरच ओरडलो. तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, गळ्यात शिवणकामाची पिवळी टेप. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, माप घेतल्याबिगर आम्ही ब्लाऊजबी शिवत नाय. तुम्ही पलंग आणला?"

गल्ली फिदीफिदी हसली. बाईंनी गळ्यातली टेप काढून पलंग मोजला, वळण मोजलं, म्हाताऱ्याचं दार मोजलं. मग डोक्याकडची आणि पायाकडची चौकट सोडायला लावली आणि पलंग उभा करून, तिरका करून, दहा मिनिटांत आत नेला. पस्तीस वर्षं कालवे मोजून निवृत्त झालेला मी तिथे पान्हा हातात धरून उभा होतो. जाताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला फोन करा. दार मोजून ठेवते."

त्या नुसतं बोलल्या नाहीत. पुढे आमची वस्तू कुठल्याही वस्तीत जायची असली की आदल्या दिवशी बाईंचा फोन यायचा. "दार अडीच फूट. उंबरा हाय. म्हातारीचा उजवा हात चालत नाय, कमोडला डावीकडं धरायला पाहिजे." ती टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरलेली मी पाहिली नाही. लग्नातसुद्धा असायची म्हणे. नवरा लवकर गेला, तेव्हा कानातलं मोडून त्यांनी पायाचं एक काळं मशीन घेतलं होतं. त्यावर ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवून पोराला वाढवलं, आयटीआय केलं, अंबडच्या कारखान्यात लावलं. कारण नसताना त्या ही गोष्ट सांगत नसत. मशीनला तेल घालताना कुणी विचारलं तरच.

त्यांची स्वतःची संस्था नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं, लेटरहेड नव्हतं. पण आमच्यासारख्या सहा-सात संस्थांना एका सतरंजीवर बसवलं ते त्यांनीच. निमित्त झालं हौसाबाईंचं. वस्तीत रस्त्याला लागून पहिलंच घर या हौसाबाईंचं. एका थंडीत बाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या आणि कोपऱ्यातली थप्पी दाखवली. सात ब्लँकेटं. प्रत्येक संस्थेची गाडी यायची, रस्त्यावर थांबायची, पहिल्या घरातल्या म्हातारीला ब्लँकेट द्यायची, फोटो काढायची आणि जायची. त्यातलं एक आमचं होतं. हौसाबाई म्हणाल्या, "एक हातरते, एक पांघरते. बाकीचे उंदीर पांघरत्यात. नाय म्हणायची मला लाज वाटती, लेकरं लांबून येत्यात."

परतताना बाई म्हणाल्या, "गाडी थांबती तिथं गरिबी नसती, साहेब. ती जरा आत ऱ्हाते."

मग त्यांनी एकेकाला पकडलं. पेठकडे मुलींचं वसतिगृह आणि पाड्यांवर शिवणवर्ग चालवणारे भोये सर, मखमलाबादचे फुलं-भाजी पिकवणारे पिंगळे अण्णा आणि त्यांचं शेतकरी मंडळ, आम्ही, आणखी तीन-चार जण. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक. पहिल्याच बैठकीत मी उठून आमच्या संस्थेचा आढावा सुरू केला. इतके पलंग, इतके वॉकर, अमुक पाहुण्यांच्या हस्ते तमुक. बाईंनी मला मधेच थांबवलं. "साहेब, केलेलं नको. अडलेलं सांगा."

तोच मग बैठकीचा नियम झाला. प्रत्येकानं फक्त काय अडलंय ते सांगायचं. बाई विचारायच्या, "कोण घेतंय?" कुणीतरी म्हणायचं, "मी घेतो." लाल पुठ्ठ्याच्या वहीत त्याचं नाव पडायचं. पुढच्या बैठकीत बाई ती वही वाचायच्या, झालं असेल तर बरोबरची खूण करायच्या, नसेल तर चष्म्यावरून पाहायच्या. तेवढं पुरायचं हो! मोठमोठे अध्यक्ष त्या चष्म्याला भ्यायचे.

आणि कामं व्हायची. भोये सरांकडे एका पाड्यावर पाय मोडलेली आजी होती, आमच्याकडे कमोडची खुर्ची होती, पण पेठपर्यंत न्यायची कशी? अण्णा म्हणाले, "आमची पिकअप सकाळी मार्केटला भरून जाते, पण नंतर उरलेली भाजी घेऊन तुमच्या वसतिगृहाकडे जाते तेव्हा जागा असते की." झालं. दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्यांवर कमोडची खुर्ची विराजमान होऊन पेठ रस्त्याला लागली. खुर्चीला वाटेतली धूळ लागू नये म्हणून बाईंनी तिला जुन्या परकराचा अभ्रा शिवून घातला होता. अण्णा पुढे कितीतरी दिवस सांगत, वाटेत दोघांनी हात जोडले म्हणून, देवाची पालखी समजून.

बाईंची एक गोष्ट मात्र मला तेव्हा नुसता हट्ट वाटायची. त्या कुठल्याही संस्थेकडून काहीही घेत नसत. दिवाळीचा फराळाचा डबा नाही, साडी नाही, आमच्या संस्थेची छापील डायरीसुद्धा नाही. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो बाई, डायरीच आहे, सोनं नाही."

त्या म्हणाल्या, "देणाऱ्याला घाई असती, घेणाऱ्याला लाज असती. मधी बसणाऱ्याला काय नसलं पाहिजे. उद्या मी कुणाच्या घरात शिरून विचारते, बाई तुझ्या घरी काय नाय? ती मला खरं का सांगती? माझ्या हातात कुणाचं काय नाय म्हणून सांगती."

हे त्यांचं भांडवल होतं. बाकी काहीच नव्हतं. आणि ते मी बुडवलं.

एका कंपनीनं आमच्या सगळ्यांच्या मिळून झालेल्या गटाला दहा शिलाई मशीन द्यायचं कबूल केलं. मशीन भोये सरांच्या पेठच्या मुलींना मिळणार होती. कार्यक्रम आमच्या गंगापूर रोडच्या हॉलमध्ये. बाई सकाळपासून खाली बसून एकेक मशीन उघडून तेल घालत होत्या, सुई तपासत होत्या, कारण आमच्यात मशीन कळणारं माणूस तेवढं एकच. मुली एसटीनं निघाल्या आणि घाटात एसटी बंद पडली. कंपनीचे साहेब घड्याळ बघायला लागले. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "एक तरी फोटो होऊ द्या, सर."

मी हॉलभर नजर फिरवली. आता खरं सांगतो, त्या नजरेचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. हॉलमध्ये दहा-बारा बायका होत्या. आमच्या सचिव गोखले मॅडम होत्या, त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणी होत्या, शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या. माझी नजर कुणावरही थांबली नाही, सरळ जमिनीवर बसलेल्या पगारेबाईंवर जाऊन थांबली. विचारसुद्धा करावा लागला नाही. इतकी वर्षं मी ज्यांच्या चष्म्याला भ्यायचो, त्या बाई माझ्या डोळ्यांनी केव्हाच कुठल्या रांगेत बसवून ठेवल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. म्हणजे तेव्हा नाही कळलं. नंतर कळलं.

"बाई, तुम्हीच या जरा. पदर घ्या डोक्यावरून."

त्या तेलाची कुपी हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "मी, साहेब?"

"अहो, फोटोपुरतं."

"नको. गोखले मॅडमला घ्या."

आणि मी, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, हसत म्हणालो, "मॅडमना कोण गरजू म्हणेल?"

लोक हसले. कंपनीचे साहेबही हसले. बाईंनी कुपी खाली ठेवली, हात पदराला पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरून मशीनच्या चाकावर ठेवला, म्हणजे फोटोत बरं दिसेल. मुली तासाभरानं आल्या. तोवर पाहुणे गेले होते. ज्या मशीनवर बाईंचा हात होता ते यशोदा नावाच्या मुलीला मिळालं. बाईंनीच ते पोत्यात बांधून तिला एसटीत चढवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. "गरजू महिलेस शिलाई मशीन प्रदान." ती बातमी मीच आदल्या दिवशी लिहून पाठवली होती, फोटोची जागा मोकळी सोडून. आमच्या उत्साही मंडळींनी त्याच फोटोचा फ्लेक्स केला आणि तो नाशिक रोडला लावला. व्हॉट्सअ‍ॅपवर तर सगळीकडेच फिरला.

वस्तीत काय झालं ते मला भोये सरांकडून कळलं. बायका बाईंना तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण बाई दारात गेल्या की म्हणायच्या, "आमच्याकडं सगळं हाय, बाई. तुम्हालाच लागंल काही." कुणी म्हणालं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं फिरत होती ती उगाच नव्हे. कारखान्यात पोराला कुणीतरी विचारलं, "काय रे, पगार पुरत नाही का? आईला मशीन मागायला लावलंस." पोरगा दोन दिवस जेवला नाही.

पेपरला दोन ओळी लिहायच्या होत्या, एवढंच. फोटोतल्या बाई लाभार्थी नाहीत, आमच्या सहकारी आहेत. पण मग कंपनीला कळलं असतं की फोटो बनावट आहे, आणि पुढच्या वर्षी ते आणखी मशीन देणार होते. मी स्वतःला हेच सांगत होतो. पेठच्या मुलींचं नुकसान नको. वा! मुलींची काळजी! खरं म्हणजे मला ते हॉलमधलं माझं वाक्य पुन्हा कुणासमोर यायला नको होतं.

पुढचा दुसरा शनिवार आला. सगळ्यांचं अडलेलं सांगून झालं. बाईंनी वही मिटली नाही. म्हणाल्या, "आज माझं एक अडलंय."

इतक्या वर्षांत बाईंचं कधी काही अडलंच नव्हतं.

"रविवारी सकाळी आमच्या विहारात वंदना असती. सगळी वस्ती येती. तिथं कुणीतरी येऊन दोन वाक्यं बोलायची. ते मशीन पगारेबाईला दिलेलं नाय. ती आमच्यातली हाय. बास. मी बोलून उपयोग नाय. देणाऱ्यानं बोलायला पाहिजे." मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "कोण घेतंय?"

भोये सरांनी तोंड उघडलं होतं. त्यांच्याआधी मी म्हणालो, "मी घेतो." मला वाटलं, आपण किती मोठ्या मनाचे. बाईंनी वहीत लिहिलं, "कुलकर्णी साहेब. विहार."

पहिल्या रविवारी आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी माझं ब्लड प्रेशर वाढलं. तिसऱ्या रविवारी गाडी सर्व्हिसिंगला होती. म्हणजे मीच शनिवारी नेऊन टाकली होती. नाशिक रोड काही काशी नव्हे, रिक्षानं पाऊण तास. पण बायको "जाताय ना?" म्हणाली की मी तिच्यावर खेकसायचो. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात, मला दोन्ही असून पाय उचलत नव्हता.

पुढच्या बैठकीत बाईंनी वही वाचायला घेतली. एकेक नाव, एकेक खूण. माझं नाव आलं. मी खाली बघून सबब जुळवत होतो. त्यांनी पान उलटलं आणि पुढचं नाव वाचलं. चष्म्यावरून पाहिलंसुद्धा नाही. त्या ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्याच्या पुढच्या बैठकीतही त्यांनी तसंच पान उलटलं. तिसऱ्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. लाल वही भोये सरांच्या हाती पाठवून दिली.

त्या थंडीत ब्लँकेटवाटप बाईंशिवाय झालं. आत जायचं कुठे, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोण मागायला लाजतं, आम्हाला काही माहीत नव्हतं. आमची गाडी रस्त्यावर थांबली. हौसाबाई बाहेर आल्या. आमचं ब्लँकेट त्यांनी घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि पुन्हा बाहेर येऊन म्हणाल्या, "आज हे पाचवं. पगारीण का नाय आली?" मी गाडीत बसलो आणि काच वर केली.

मग एका शुक्रवारी भोये सरांचा फोन आला. पगारेबाई चालल्यात. मुलानं चाकणला नोकरी धरली, इथे राहायचं नाही म्हणतो. रविवारी टेम्पो भरणार.

त्या रविवारी मी गेलो. आठच्या आधी गेलो. विहारासमोर गाडी लावली. आतून वंदनेचा आवाज येत होता. दोन वाक्यं मी घरूनच पाठ करून आलो होतो. उतरायचं म्हणून दाराच्या कडीला हात घातला आणि तसाच बसून राहिलो. वंदना संपली, पांढऱ्या साड्यांतल्या बायका बाहेर आल्या, पोरं आली, चपला घालून सगळे पांगले. एकजण माझ्या काचेवर टकटक करून म्हणाला, "कुणाकडं जायचंय, काका?" मी म्हणालो, "पगारेबाईंकडे." जणू तेवढ्यासाठीच थांबलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. माझा पलंग अडकला होता तेच वळण. विहारातून परतलेली अर्धी वस्ती तिथे जमली होती. कुणी हात लावत होतं, कुणी नुसतं बघत होतं. भांड्यांची पोती चढली, कपाट चढलं. मग बाईंचा मुलगा आणि आणखी एकजण मशीन घेऊन बाहेर आले. तेच पायाचं काळं मशीन. रंग उडालेलं, फळीचा कोपरा झिजून गोल झालेला, पायाच्या पट्टीला सुतळी बांधलेली. कुणीही डोळस माणूस सांगेल की हे तीस वर्षांपूर्वीचं आहे.

माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "हेच का गं ते?"

"हेच. पेपरात आलेलं."

बाईंनी ते ऐकलं. गळ्यात टेप होती, एका हातात तेलाची कुपी होती. त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसलो.

"साहेब, आलात," त्या म्हणाल्या.

बस्स, आणि उभ्या राहिल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्यांनी हातानंच थांब म्हटलं. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. विहारात होती तीच माणसं समोर उभी होती. याहून सोपं कुणी कुणाला करून देत नाही. मला फक्त आवाज चढवायचा होता, आणि आवाज चढवण्याची तर माझी ख्याती.

मी चार पावलं पुढे गेलो. त्यांच्या अगदी जवळ जाऊन, खालच्या आवाजात म्हणालो, "बाई, हे मशीन तुमचं स्वतःचं आहे. मला माहीत आहे."

"मलाबी माहीत हाय, साहेब," त्या म्हणाल्या.

त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. नंतर कुपी पदरात गुंडाळून टेम्पोत पुढे जाऊन बसल्या. मुलानं दार लावलं. टेम्पो वळणावरून हळूहळू मागे घेत बाहेर निघाला. वर दोरीनं बांधलेल्या मशीनचं चाक खड्ड्यागणिक थोडं थोडं फिरत होतं.

मागून एका पोरानं विचारलं, "आजी, ते मशीन कुणाचं?"

"संस्थेवाल्यांनी दिलेलं," आजी म्हणाली, आणि मी खिशात गाडीची किल्ली शोधू लागलो.